वहिनी आणि अडखळणारे मास्तर

वहिनींची आणि माझी ओळख झाली ती शिंकांमुळे. सकाळी मी केंद्रात आलो, काठी कोपऱ्यात टेकवली आणि खुर्ची ओढणार, तोच माझ्या टेबलाखालून एकापाठोपाठ एक शिंका आल्या. मी दचकून विचारलं, "कोण आहे?"

खालून उत्तर आलं, "मी यांची बायको. डबा द्यायला आले होते."

'यांची' म्हणजे आमच्या दादांची. दादा ध्वनिमुद्रण करायचे. डबा द्यायला आलेली बाई टेबलाखाली काय करते, हे विचारायच्या आत दादांनीच सांगितलं, की मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सकाळपासून सुरू होत नाहीये, आणि ते कपाळाला हात लावून बसलेले बघून बाईसाहेब म्हणाल्या, उघडून बघू का. उघडलं तर आतल्या पंख्यात ओंजळभर धूळ. दुपारी मशीन सुरू झालं. दादांची बायको म्हणून त्या दिवसापासून सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या, आणि मी त्यांचा भाऊजी.

आमचं केंद्र बोलकी पुस्तकं तयार करतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चांगल्या आवाजाची माणसं काचेच्या खोलीत बसून पुस्तकं वाचतात, ती ध्वनिमुद्रित होतात आणि ऐकणाऱ्यांपर्यंत जातात. माझे डोळे लहानपणीच गेले. त्यामुळे मी आधी या केंद्राचा ऐकणारा होतो, मग नोकर झालो. पुस्तक बाहेर जाण्याआधी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं आणि चुका टिपायच्या, हे माझं काम. कुणी ओळ गाळतं, कुणी पान उलटताना फडफडवतं. एका वाचकबाईंच्या पोटात जेवणाच्या वेळेआधी हमखास कावळे ओरडायचे. ते कावळे दोन पुस्तकांतून मी स्वतः हाकललेत. केंद्रातले लोक मला कानसेन म्हणायचे. थट्टा होती, पण मला बरं वाटायचं.

पुढे दादांचा एक कान दगा द्यायला लागला. आवाज जपणाऱ्या माणसाचाच कान जावा, यासारखी दैवाची चेष्टा नाही. कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच काम सोडलं आणि पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. ध्वनिमुद्रणाला दुसरा माणूस आला, पण मशीनकडे बघायला कुणी नव्हतं. केंद्राचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, ते म्हणाले, "वहिनींना विचारा." वहिनी विज्ञान शिकलेल्या होत्या, लग्नाआधी वर्षभर कॉम्प्युटरचा अभ्यासक्रमही केला होता. मग मुलं झाली, सासूबाईंचं आजारपण आलं. "शिकलेलं सगळं माळ्यावर टाकलेल्या गादीसारखं झालंय हो," त्या मला म्हणाल्या, "ऊन दाखवावं लागेल."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. "भाऊजी, साफसफाई करताना टेबलावरच्या वस्तू हलवून पुन्हा जागेवर ठेवू, की हात लावूच नको?"

"हातच लावू नका," मी म्हणालो.

"मग पुसायचं कसं?"

"मी उचलतो, तुम्ही पुसा."

आणि तसंच चालत राहिलं. मी एकेक वस्तू उचलून धरायचो, त्या खालचं पुसायच्या. माझ्या मशीनच्या वायरींना त्यांनी वेगवेगळ्या गाठींचे दोरे बांधले. एक गाठ म्हणजे हेडफोन, दोन म्हणजे कीबोर्ड, तीन गाठींच्या वायरीला हात लावायचा नाही. हे करताना त्या दादांच्या दुकानातल्या गमती सांगायच्या. त्यांचा आवाज जरा जाडसर, आणि हसू आधी नाकातून यायचं, मग तोंडातून.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते मला मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. त्याचा आवाज माणसाचा नाही, बनवलेला आहे. सपाट, कोरडा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. माझ्या डाव्या कानात पुस्तक वाजायचं आणि उजव्या कानात मास्तर. चूक ऐकली की मी थांबवायचो, कळा दाबून नोंद लिहायचो, आणि दाबलेली प्रत्येक कळ मास्तर मला सांगायचे. मास्तर बोलले नाहीत तर मी काय लिहितोय हे मलाच कळणार नाही. डोळस माणसाच्या पुढ्यातला दिवा विझावा, तसं होतं ते.

जुनं मशीन म्हातारं झालं होतं. कुणा भल्या माणसाच्या देणगीतून नवं आलं. त्याची तारीफ ऐकून आम्ही खूश झालो. जुन्या मशीनला एकच कोअर होता. कोअर म्हणजे मशीनमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. नव्याला चार होते. एकाच्या जागी चार कामकरी. साहेबांनी ठरवलं, की या दणकट मशीनवर माझं ऐकण्याचं काम तर चालेलच, शिवाय ध्वनिमुद्रित पुस्तकं कमी जागेत मावतील अशी आटोपशीर करून साठवायचं कामही मागच्या मागे चालू राहील. एका दगडात दोन पक्षी.

वहिनींनी मशीन बसवलं तेव्हा मोठ्या प्रेमानं माझ्यासाठी एक खास सोय केली. ती त्या वेळी त्या बोलल्याही नाहीत, मला नंतर कळली.

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. मग मास्तर अडखळायला लागले.

आधी एखादं अक्षर गिळायचे. मग अर्धा शब्द बोलून थबकायचे आणि पुढचे तीन शब्द एकदम भडाभडा ओतायचे. कधी मी 'पान' लिहावं आणि मास्तर 'पा' म्हणून गप्प बसावेत. मला वाटायचं कळ नीट दाबली गेली नाही, म्हणून मी पुन्हा दाबायचो, आणि 'पाननन' होऊन बसायचं. डाव्या कानातलं पुस्तक मात्र लोण्यासारखं चालू असायचं. अडायचे ते फक्त मास्तर.

त्याच सुमारास आमच्याकडे एका मुलीची पुस्तकं आली होती. ती कायद्याची परीक्षा देणार होती, तिला दिसत नव्हतं आणि परीक्षा जवळ आली होती. कायद्याच्या पुस्तकात एक 'न' गळला तर अर्थ उलटा होतो. मी ऐकत होतो, पण नोंदी घेता घेता रडकुंडीला यायचो. दिवसभरात जेवढं काम व्हायचं त्याच्या निम्मंही होईना.

ज्या कंपनीकडून मशीन घेतलं तिचा इंजिनियर येऊन गेला. भला मुलगा होता, नीट बोलला. आवाजाचं कार्ड बदललं, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. तो होता तोवर मास्तर मुंज झालेल्या मुलासारखे शहाणपणानं बोलत राहिले. तो गेला आणि पुन्हा तेच.

शेवटी साहेब माझ्यापाशी येऊन बसले. मायेचा माणूस, म्हणून शब्द शोधत बोलत होते. "मी काय म्हणतो, मागच्या खोलीत तुमच्यासाठी जुनं मशीन पुन्हा लावू. तिथे शांतताही असते. कुणाचा त्रास नाही. आणि काम जरा कमी केलंत तरी चालेल. तुमचं वयही झालंच की."

मागची खोली म्हणजे रद्दी पुस्तकांची. तिथे कुणी येत-जात नसे. मी इतकी वर्षं मोठ्या खोलीत, सगळ्यांच्या गप्पांत, चहाच्या कपांच्या आवाजात बसत आलो होतो. पण माझ्यामुळे सगळ्यांचं काम अडतंय याची मला लाज वाटत होती. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

वहिनी पलीकडे वायरी गुंडाळत होत्या. त्यांच्या हातातली वायर टेबलावर पडल्याचा आवाज मी ऐकला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "बिघडलंय मशीन. मग भाऊजींना कशाला उचलून मागे ठेवायचं?"

साहेब म्हणाले, "वहिनी, मी सोयीचं बघतोय."

"ते कळतंय मला. पण थोडा अवधी द्या. जमलं नाही तर मी स्वतः त्यांची खुर्ची मागे नेऊन ठेवीन."

साहेबांनी अवधी दिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. टेबलावर ठेवलं तेव्हा माझा पेला हलला. त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंकडून आणलेलं, ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पुस्तक. "मशीनमध्ये सगळी कामं चालतात," त्या म्हणाल्या, "पण कुठलं काम कधी आणि कुठल्या कोअरवर बसवायचं हे कुणीतरी ठरवत असणार ना? ते ठरवणारी ही ऑपरेटिंग सिस्टिम. ती मास्तरांना कसं वागवते ते बघायचंय मला."

मग जेवणाच्या सुट्टीत त्या वाचायच्या आणि मला मराठीत समजावून सांगायच्या. खरं सांगायचं तर स्वतःलाच समजावून सांगायच्या, मी समोर होतो इतकंच. इतर पुस्तकं आमच्याकडे काचेच्या खोलीत वाचली जात. हे एकच डब्याच्या वासात वाचलं गेलं. वहिनींना मोठ्यानं वाचायची सवय नव्हती, धावत सुटायच्या, मी म्हणायचो, "जरा दमानं." ध्वनिमुद्रणाला बसवलं असतं तर मी त्यांना पहिल्याच पानावर नापास केलं असतं.

पण समजावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी सांगितलं ते मला आजही आठवतं. एक कोअर एका क्षणी एकच काम करतो. जुन्या मशीनमध्ये एकच होता, तो याचं थोडं, त्याचं थोडं असं इतक्या भराभर करायचा, की आपल्याला वाटावं सगळं एकदमच चाललंय. नव्यात चार आहेत, म्हणजे चार कामं खरोखरच एका वेळी होतात. पण कामं चारच नसतात, शेकड्यांनी असतात. म्हणून प्रत्येक कोअरपुढे आपापली रांग असते. सिस्टिम अधूनमधून सगळ्या रांगांवर नजर टाकते. एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे शुकशुकाट दिसला, की इकडचं काम उचलून तिकडे नेते.

"मग सारखंच हलवत का नाही?" मी विचारलं. "म्हणजे सगळ्या रांगा कायम सारख्या."

"मीही हेच म्हटलं वाचताना," त्या म्हणाल्या. "पण हलवायलाही वेळ जातो. एका कोअरवर काम चालू असतं तेव्हा त्याला लागणारी माहिती त्या कोअरनं हाताशी काढून ठेवलेली असते. दुसरीकडे नेलं की तिथे ती नसते, पुन्हा आणावी लागते. म्हणून शक्यतो जिथे होतं तिथेच ठेवायचं, आणि फारच गर्दी झाली तर हलवायचं. तारेवरची कसरत आहे."

"आणि पुस्तक का नाही अडखळत? मास्तरच का?"

त्यांनी पुस्तकाची दोन पानं मागे उलटली. "पुस्तक आधीच ध्वनिमुद्रित आहे. पुढचा थोडा आवाज मशीन आधीच तयार करून ठेवतं, मध्ये उशीर झाला तरी साठ्यातलं वाजत राहतं. मास्तरांना साठा करता येत नाही. तुम्ही कुठली कळ दाबणार हे त्यांना आधी कुठे माहीत असतं? तुम्ही दाबली की त्याच क्षणी त्यांना कोअर मिळायला हवा. काम इवलंसं, पण आत्ताच्या आत्ता."

पुस्तकात वाचून त्यांनी पहिला उपाय केला. सिस्टिमला सांगता येतं, की अमुक कामाचा मान मोठा, रांगेत त्याला पुढे घ्या. त्यांनी मास्तरांचा मान वाढवला. थोडा फरक पडला. आम्ही आनंदात चहा प्यायलो. कप खाली ठेवतोय तोच मास्तर 'धन्य' म्हणून अडले, 'वाद' काही केल्या येईना.

वहिनींनी पुन्हा ते जाड पुस्तक ओढलं. मला माझी खुर्ची मागच्या खोलीत दिसायला लागली. दिसायला म्हणजे, तिथला कुबट वास आठवायला लागला.

नंतर एका सकाळी मी काम करत बसलो होतो आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काचेच्या खोलीचं दार जड आहे, उघडताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतं. वाचन संपवून वाचक बाहेर पडला की तो सुस्कारा ऐकू येतो. त्या सकाळी सुस्कारा आला आणि थोड्याच वेळात मास्तर अडखळले. दुसरा वाचक बाहेर पडला, पुन्हा तेच. मी हाक मारली, "वहिनी, वाचक बाहेर आला की इथे काय होतं?"

त्या चालत आल्या. "वाचक बाहेर आला की ध्वनिमुद्रण करणारे ते मुद्रण केबलवरून या मशीनवर पाठवतात. का हो?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबा. खुर्ची आणते."

पडद्यावर चारही कोअर किती कामात आहेत हे दाखवणारे चार आलेख उघडता येतात. त्या माझ्या शेजारी बसून ते बघायला लागल्या. ठरलं असं, की मी लिहीत राहायचं, मास्तर अडखळले की बोटानं टेबलावर टकटक करायची, आणि वहिनींनी त्या क्षणी आलेख बघायचे. मुद्रण करणाऱ्यांना सांगितलं, मोठंसं काहीतरी पाठवा.

मी लिहायला लागलो. काय लिहावं सुचेना, म्हणून बायकोनं सकाळी सांगितलेलं बाजाराचं सामान लिहिलं. कांदे, साबण, काड्यापेटी. मास्तर 'काड्या' पाशी अडले. टकटक. पुन्हा अडले. टकटक. टकटक.

"पहिला," वहिनी म्हणाल्या. "पहिला भरलाय. पुन्हा करा. परत पहिलाच. भाऊजी, पहिला कोअर गळ्यापर्यंत भरलाय, आणि तिसरा-चौथा हातावर हात धरून बसलेत."

"मग सिस्टिम मास्तरांना तिकडे का नेत नाही? तुम्हीच तर म्हणालात, गर्दी दिसली की हलवते."

खुर्ची करकरली. माऊसचे दोन-तीन खटके ऐकू आले. मग त्या बोलल्या, तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता.

"कारण मी बांधून ठेवलंय त्यांना."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मशीन आलं त्या दिवशी त्यांना तो पर्याय दिसला होता. एखादं काम फक्त अमुक कोअरवरच चालेल, असं सिस्टिमला बजावता येतं. त्यांना वाटलं, चार कोअर आहेत, पहिला आपल्या भाऊजींच्या मास्तरांना देऊन टाकू. हक्काची जागा. म्हणून त्यांनी मास्तरांना पहिल्या कोअरशी जोडून दिलं. पण इतर कामांना तिथे येऊ नका असं काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे झालं असं, की पहिल्यावर सगळे यायचे आणि मास्तरांना मात्र तिथून हलायची परवानगी नव्हती. बाकीचे कोअर रिकामे असले तरी सिस्टिम बिचारी हुकमाची ताबेदार. तिला वहिनींनीच सांगितलं होतं ना.

"मी जागा द्यायला गेले," त्या म्हणाल्या, "आणि कोंडून ठेवलं. वर त्या मुलाला आवाजाचं कार्ड बदलायला लावलं."

मला हसू आवरेना. मोठ्यानं हसलो. मोठ्या खोलीतले लोक वळून बघायला लागले असतील. वहिनी म्हणाल्या, "हसताय काय? तुमची खुर्ची जात होती माझ्यापायी." आणि मग त्याही हसल्या, आधी नाकातून, मग तोंडातून, आणि मध्येच डोळे पुसल्याचं मला त्यांच्या पदराच्या सळसळीवरून कळलं.

तरी एक कोडं उरलं होतं. मान वाढवला होता, मग मास्तर रांगेत पुढे का नव्हते? त्यासाठी वहिनींनी त्या इंजिनियरला फोन लावला. दोष कार्डाचा नव्हता, चूक माझीच होती, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगून टाकलं. तो मुलगा उलट खूश झाला. त्यानं समजावलं, की केबल, डिस्क अशा वस्तू मशीनला सारख्या हाका मारत असतात, माल आलाय, घ्या. या हाका रांगेत थांबत नाहीत. कोअर हातातलं काम सोडून आधी त्यांना ओ देतो, मग ते काम कितीही मानाचं असो. आणि या मशीनमध्ये त्या बहुतेक हाका पहिल्याच कोअरकडे जायच्या. म्हणजे ज्या खोलीत दारावरची घंटा सर्वांत जास्त वाजते, नेमकी तीच मास्तरांच्या वाट्याला आली होती.

वहिनींनी तिथल्या तिथे मास्तरांना मोकळं केलं. आता ते चारांपैकी कुठेही जाऊ शकत होते. मानही मोठाच ठेवला. आणि बंधन घातलं ते पुस्तकं आटोपशीर करणाऱ्या कामावर. तेच सगळ्यांत खादाड, जोरात आलं की चारही कोअर व्यापून बसायचं. त्याला सांगितलं, तू चौथ्यावर पाऊल ठेवायचं नाहीस. म्हणजे मास्तर जागे झाले, की सिस्टिमला बहुधा कुठेतरी रिकामी जागा सापडणारच.

"आता पाठवा मुद्रण," त्या ओरडल्या.

मी लिहिलं. कांदे, साबण, काड्यापेटी. मास्तरांनी सगळं सामान घडाघडा म्हणून दाखवलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तेल राहिलं का?" मी तेलही लिहिलं. मास्तर तेलही बोलले.

साहेब आले, ऐकलं, आणि म्हणाले, "चला, मागची खोली मी रद्दीवाल्यासाठीच ठेवतो." त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. माझा खांदा दाबून गेले.

कायद्याची पुस्तकं वेळेत गेली. मी दिवसभर ऐकायचो, वहिनी अधूनमधून चार आलेखांवर नजर टाकून जायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून जावं तसं. परीक्षेनंतर बऱ्याच दिवसांनी ती मुलगी आमच्या केंद्रात आली. पास झाली होती. तिच्या काठीचा आवाज माझ्या काठीसारखाच. ती वाचकांना भेटली, त्यांचे हात हातात घेतले, म्हणाली, तुमच्या आवाजानं मला पास केलं. ते खरंच होतं. मग माझ्यापाशी आली. मी तिला म्हटलं, "चल, एका माणसाशी गाठ घालून देतो." वहिनी जिन्याखाली काहीतरी जुळवत बसल्या होत्या. मी तिला तिथे नेलं आणि सगळी हकीकत सांगितली, मास्तरांना कोंडण्यापासून मोकळं करण्यापर्यंत. वहिनी मधेमधे म्हणत होत्या, "ते कोंडल्याचं कशाला सांगता?"

मुलगी हसली आणि म्हणाली, "घरी माझ्या मशीनचा आवाजही असाच अडखळतो हो. मला वाटायचं माझीच बोटं चुकतात."

वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं आणि तिच्या मशीनबद्दल एकेक विचारायला लागल्या. मी परत आलो तेव्हा त्या दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. वर जाणाऱ्या-येणाऱ्यांना बाजूनं जावं लागत होतं.

तिथून पुढे वहिनींना फोन यायला लागले. त्या मुलीनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं आणखी कुणाला. दुसऱ्या केंद्रांतून, घरांतून, शाळांतून. न दिसणारी माणसं, त्यांचे अडखळणारे आवाज. कारण दर वेळी वेगळं निघायचं. कुठे प्रोग्राम जुना, कुठे एकच काम सगळे कोअर खाऊन बसलेलं, कुठे नुसती धूळ. वहिनी फोनवर सांगायच्या, "आवाज अडला की टकटक करा, मी ऐकते." घरी दादा दुकानातून आले की त्यांच्या चांगल्या कानाशी हेडफोन धरून विचारायच्या, हा आवाज सरळ येतोय का. दादा मान डोलवायचे. त्यांचा तो एक कान पुन्हा कामाला लागला, आणि त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते मला वहिनींच्या सांगण्यातून कळायचं.

मी त्यांचे आभार मानायचा प्रयत्न एकदाच केला. साधंसं वाक्य मनात घोळवून गेलो होतो. त्यांनी ते अर्ध्यातच तोडलं. "भाऊजी, माझ्या गादीला ऊन तुम्ही दाखवलंत. ते जाड पुस्तक मी एकटी वाचत बसले असते तर तिसऱ्या पानावर झोपले असते. समोर कुणीतरी 'मग?' म्हणणारं लागतं." आणि चहा सांगायला निघून गेल्या.

आता मी घरी असतो. मुलानं घरी नवं मशीन घेतलं, त्याला सोळा कोअर आहेत म्हणे. परवा दुपारी वहिनी आल्या. बायकोनं त्यांना बसवून घेतलं, दोघींच्या सुनांवर आणि गुडघ्यांवर गप्पा झाल्या. मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी सवयीनं पेला उचलून धरला, काळ्या चष्म्याचं रिकामं घर उचलून धरलं, त्यांनी खालचं पुसलं.

बायको म्हणाली, "अहो, पाहुण्यांना पुसायला काय लावता?"

वहिनी म्हणाल्या, "आमचं असंच असतं." मग मशीन सुरू करून म्हणाल्या, "सोळा आहेत खरे. बोला, काय काय चालवायचंय तुम्हाला? त्याप्रमाणे बघू."

मी सांगायला लागलो, आणि त्या ऐकत राहिल्या.